पान एकशे बारा

आधी तीस खुर्च्या मांडल्या.
सहाला दहा उचलल्या, सव्वासहाला आणखी आठ,
तेवढंच दुकान भरल्यासारखं दिसतं.
आंकूदमध्ये गुरुवारी फुटबॉल असतो,
त्यात खाडीवरून वारा असा सुटलेला
की आमची पाटी दोनदा रस्त्यापलीकडे जाऊन आली.

इर्मा ओयार्सून सांतियागोहून रात्रभर बसने आलेली.
बूट चिंब. मालकीणबाईंनी तिला स्वतःचे लोकरी मोजे दिले,
करडे, एका टाचेला रफू.
तशीच बसली ती शेगडीशेजारी, पाय पोटाशी घेऊन,
आणि नव्या कादंबरीबद्दल बोलू लागली.

म्हणाली, कथानक आता थकलंय.
म्हणाली, अनुपस्थिती हाच माझा नायक.
म्हणाली, सगळं सांगून टाकणारं पुस्तक
उघड्या पेटीसारखं, आत हात घालावासा वाटत नाही.
आम्ही माना डोलावल्या.
औषधांच्या दुकानातली ओतिलिया विणत होती,
तिचा एक टाका चुकला नाही.

मग प्रश्न.
प्रश्न म्हटले की आमच्या गावाला
शेगडीत लाकूड सारायचं आठवतं.

शेवटी नेल्सन कार्कामो उठले.
एकतीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली त्यांनी,
अजून कुणाला कागद देताना
कोपऱ्याशी बोटं अडखळतात.
टोपी काढली.
'बाई, तो कुत्रा सोडला का कुणी?'

'कुठला कुत्रा?'

'पान एकशे बारा. माणूस धक्क्यावर येतो,
कुत्रा खांबाला बांधतो, बोटीत चढतो.
तो परत येत नाही, ते कळलं मला.
तुमचं ते अनुपस्थितीचंही कळलं.
पण दोर निळा, गाठ दुहेरी, हे तुम्हीच लिहिलंय.
पुढे दोनशे पानं आहेत, बाई.
पुढे तीन हिवाळे येतात.'

कुणीतरी हसलं. मग थांबलं.
इर्माने स्वतःची प्रत उघडली,
एकशे बारा, एकशे तेरा, मग भराभरा पुढे,
गाव मागे पडल्यावर
गॅस बंद केला होता का, ते आठवावं तशी.
'विसरले मी,' ती म्हणाली.
तासाभरात पहिल्यांदाच ती
आमच्यापैकी कुणासारखी तरी बोलली.

नेल्सन म्हणाले, असू दे, होतं असं.
आणि कोटातून आपली प्रत काढली,
पावाच्या पिशवीत गुंडाळलेली.
समासात पेन्सिलीचं बारीक अक्षर,
बोटींच्या वेळा लिहाव्यात तसं:
'रात्री ११.४०. शेवटची बोट गेल्यावर सोडला.
पाणी दिलं. लंगडतोय, पुढचा डावा.'
पान एकशे चाळीस: 'पाय बरा.'
पान दोनशे सहा: 'गारठा फार. आत घेतला.'
आणि शेवटच्या पानावर,
जिथे कादंबरी समुद्राबद्दल काहीतरी गंभीर म्हणून संपते,
त्याखाली नुसतं: 'झोपलाय.'

इर्मा बराच वेळ वाचत राहिली.
ओलं लाकूड फुसफुसत होतं.
सहीसाठी मी पेन धरून उभी,
मला कुणी विचारेना.

'नाव काय ठेवलंत त्याचं?'

नेल्सननी टोपी घातली.
'कुत्रा मी सोडला.
नाव तुमच्यावर सोडलंय.'

चार प्रती खपल्या. एक उधार.
मोजे ती पायात घालूनच गेली,
मालकीणबाई दोन दिवस त्यावरून बोलत होत्या.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं.
मोजे धुतलेले, रफू नव्याने केलेली, जरा वाकडीच.
आत चिठ्ठी, एक शब्द: 'बोलेतो'.
बोलेतो म्हणजे तिकीट.
'बसचे पैसे मागतेय वाटतं,' मालकीणबाई म्हणाल्या
आणि गल्ल्याकडे वळल्या.

मी कोट चढवला
आणि नेल्सनच्या घराकडे निघाले.